डावीकडून कुणी येतंय

गाडी मागे घ्यायला काढली की ती सांगायची, डावीकडून कुणीतरी येतंय.

डाव्या आरशात नारिंगी दिवा मिचमिचायचा, समोरच्या पडद्यावर डाव्या अंगाला बाण उमटायचा, आणि टीं-टीं-टीं असा बारीक, घाईचा आवाज गाडीभर भरून जायचा. करीमकुल ब्रेक दाबायचा. मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी बसलेली त्याची बायको कालिपा काच खाली करायची, डोक्यावरचा रुमाल सावरायची, मान बाहेर काढून डावीकडे बघत राहायची.

डावीकडे कुणी नसायचं. पॉप्लरची उघडी झाडं, चिखलात विरघळू लागलेलं बर्फ आणि गल्लीच्या टोकाशी मोठ्या रस्त्याचा एक तुकडा. कोचकोर गावात बाहेरून येणारं माणूस त्याच तुकड्यावरून आत यायचं. बालिकची शहराहून येणारी मिनीबस तिथं वळायची आणि याच गल्लीतून बाजाराकडे जायची. राजधानीहून आलेला असो की विमानतळावरून, ज्याला त्याला डावीकडूनच यावं लागायचं.

"कुणी नाही," करीमकुल म्हणायचा.

"थांबा हो जरा," कालिपा म्हणायची.

आणि तो थांबायचा. घड्याळात आठ वाजून गेलेले असायचे, लोकर दाबून केलेल्या नमद्याचे गालिचे शिवणाऱ्या बायका कारखान्यात जमलेल्या असायच्या, तिथं कालिपाच्या नावानं हाका सुरू झालेल्या असायच्या. पण तो थांबायचा.

करीमकुलला स्वतःला मागे बघता येत नसे. पस्तिशीत असताना, घोड्यावरून बकऱ्याचं धड पळवण्याच्या खेळात, दोन घोड्यांच्या मधे तो जो पडला, तेव्हापासून त्याची मान खुंटासारखी ताठ झाली ती झालीच. कुणी मागून हाक मारली तर त्याला सगळंच्या सगळं वळावं लागे. चार वर्षांपूर्वी विमानतळावर त्याची एकुलती लेक, आयपेरी, कोरियाला निघाली. लेकीला आपले डोळे दिसू नयेत म्हणून त्यानं पाठ फिरवली, आणि नेमकी मागून हाक आली, "बाबा!" तो पुरता वळेपर्यंत काचेचं दार मिटलं होतं. ती हाक त्याच्या मानेत अजून अडकून होती, उतरायचं नाव घेत नव्हती.

दोन वर्षांसाठी म्हणून गेली होती.

गाडी तिनंच पाठवलेली. जुनी, पांढरी, जहाजातून, मग आगगाडीतून, मग तीन खिंडी ओलांडून मागच्या उन्हाळ्यात दारात येऊन उभी राहिली. त्याच दिवशी आयपेरीचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा, मागे कारखान्याच्या खोलीतल्या लोखंडी खाटा.

"बाबा, तुमच्या मानेला डोळे लावून पाठवलेत. मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, आतून, दोन रडार आहेत. फाटकातून मागे येताना भिंतीमुळे तुम्हाला काही दिसत नाही ना? गाडीचं बूड गल्लीत डोकावलं की ते दोन्ही बाजूंची गल्ली बघतात. कुणी येत असलं की ओरडतात. ओरडली की थांबायचं, एवढंच."

"आणि नाही ओरडली तर?"

"तरी आरशात बघायचं! ती मदतीला आहे, तुमची सासू नाही सगळीकडे लक्ष ठेवायला."

मग तिनं आईला बोलावलं. "आपा, ते दोन कोपरे रोज ओल्या फडक्यानं पुसायचे हं. चिखल बसला, बर्फ गोठलं की गाडी आंधळी होते. घासायचं नाही. माझं तोंड पुसायचीस तसं हलक्या हातानं."

"तुझं तोंड मी घासूनच पुसायचे."

"म्हणून तर सांगतेय!"

आयपेरीचं काम बंपर रंगवण्याच्या कारखान्यात होतं. रडारच्या समोर रंगाचा थर पातळ लागतो, जाड बसला की त्याला पलीकडचं दिसत नाही, हे ती आपल्या हातानं रोज करत होती. हे ऐकल्यापासून कालिपानं मनाशी धरलं की हा बंपर आयपेरीच्याच हातचा. सकाळी कोमट पाण्याचा डबा घेऊन ती गाडीच्या मागे उकिडवी बसे, दोन्ही कोपरे पुसे, आणि पुसून झाल्यावर तळहात क्षणभर तिथंच ठेवी. थंडीत प्लास्टिक हाताला चावायचं. तरी ठेवी.

गाडी सात वर्षांची होती. आयपेरी जाऊन झाली होती चार. ही वजाबाकी करीमकुलला येत होती, पण ती त्यानं कधी तोंडाबाहेर काढली नाही.

पुसताना ती गुणगुणायची. तिच्या आईच्या चालीवर, शब्द तिचे तिचेच.

डोंगराच्या पलीकडून
कुणाचा गं घोडा आला,
चांदीचा लगाम त्याचा
माझ्या दारी ना थांबला.

उन्हाळाभर गाडी शहाण्यासारखी वागली. मेंढरं गेली की ओरडायची, सायकल गेली की ओरडायची, गल्ली मोकळी असली की गप्प. बर्फ पडायच्या आधी, पानगळीत कधीतरी, तिचं हे डावीकडचं वेड सुरू झालं. रिव्हर्स टाकला की टीं-टीं-टीं. त्याच सुमाराला खाचखळग्यांतून जाताना मागून काहीतरी बारीक किणकिणतं, असंही करीमकुलला वाटू लागलं.

"एखादा स्क्रू सैल झाला असेल," तो म्हणाला.

"तुमच्या कानातला झाला असेल," कालिपा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

जे रोज ओरडतं ते माणसाला हळूहळू ऐकू येईनासं होतं. डिसेंबरात करीमकुल ओरडणं ऐकून थांबायचा, जानेवारीत नुसता वेग कमी करायचा. फेब्रुवारी सरता सरता त्याचा पाय ब्रेकवर जायचाच बंद झाला. कालिपा "थांबा हो" म्हणायची तेव्हा गाडी गल्लीत अर्धी आलेली असायची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. आयपेरी वसंतातल्या नूरूझच्या सणाला येणार होती. फोनवर तसं म्हणाली होती, "बहुतेक, आपा." त्यातलं 'बहुतेक' कालिपानं कापून टाकलं होतं. घरातले सगळे गालिचे बाहेर काढून झटकून झाले होते. त्या सकाळी गाडी ओरडली, दिवा मिचमिचला, करीमकुलनं पाय ब्रेकवर न नेता गाडी मागे घेतली, आणि कालिपा किंचाळली.

धप्प असा आवाज झाला. मग पत्र्याचा घरंगळण्याचा आवाज. मग शेजारच्या शाकेनचा.

"मेले गं! मारलं मला!"

करीमकुल उतरला, सगळाच्या सगळा वळला. शाकेन चिखलात बसली होती, तिची हातगाडी कलंडली होती आणि दुधाचा हंडा गल्लीत लोळत होता. काळ्या चिखलावर पांढरं दूध वाट काढत चाललं होतं. तिला लागलं नव्हतं. बंपर हातगाडीला टेकला होता, तिला नाही. मधे एक वीत अंतर होतं. करीमकुलनं ती वीत पाहिली आणि गाडीच्या पत्र्याचा आधार घेतला.

"अरे करीमकुल," शाकेन बसल्या जागेवरून म्हणाली, "घोड्यावरून पडलास तेव्हा डोकं शाबूत राहिलं असं सगळे सांगत होते. खोटारडे मेले!"

"लागलं का कुठं, शाकेन?"

"तुझी गाडी बोंबलतेय, तुझी बायको बोंबलतेय, मी बोंबलतेय. आणखी कुणी बोंबलायला हवं होतं तुला? गावाच्या मुखियाला बोलावू?"

"गाडी रोजच बोंबलते गं. कुणी नसतं."

"मग मीही रोजच बोंबलते. म्हणून माझ्या अंगावर घालायची?"

कालिपानं तिला हाताला धरून उठवलं, तिच्या पाठीचा चिखल आपल्या रुमालानं पुसला. शाकेनपेक्षा तीच जास्त पांढरी पडली होती. "चूक माझी," ती पुटपुटली. शाकेन म्हणाली, "तुझी कसली? तू काय चाकावर होतीस?" आणि करीमकुलकडे बघून आणखी दोन शब्द सुनावून, रिकामा हंडा घेऊन घरी गेली.

"उद्या गाडी उलारकडे नेतो," करीमकुल म्हणाला.

कालिपानं रुमालावरचा चिखल झटकला. मग म्हणाली, "नेऊ नका. चांगली आहे गाडी."

"चांगली? आज शाकेन होती. उद्या एखादं पोर असलं तर?"

तिनं खाली बघितलं. "निदान बंपर उघडू देऊ नका. ओरखडे पडतात."

त्या संध्याकाळी ती बराच वेळ अंगणात गाडीच्या मागे बसून होती. गरम पाण्याचा डबा घेऊन. करीमकुलला वाटलं, चिखल पुसतेय.

उलारचं गॅरेज बाजारामागे होतं. उलार स्वतः कोरियात राहून आलेला, तिकडची अक्षरं वाचता येणारा कोचकोरातला बहुधा एकटाच मेकॅनिक. त्यामुळे तिकडून आलेल्या गाड्या, त्यांच्या पडद्यावरची कोडी, सगळं त्याच्याकडे यायचं. चहाचा पेला करीमकुलच्या हातात देऊन, वडीलधाऱ्याला म्हणायचं तसं 'अक्सकाल' म्हणत त्यानं सगळी हकिगत ऐकून घेतली.

"डावीकडेच ओरडते? उजवीकडे नाही?"

"डावीकडेच."

"मागे कुठं ठोकली होती? कुणी लांबी भरून रंगवलं? त्या जागी काही चिकटवलंत? नाहीतर लोक काहीही करतात, अक्सकाल. परवा एकानं बरोबर रडारवर चकचकीत चित्ता चिकटवला होता. म्हणतो, गाडी आंधळी झाली. म्हटलं, चित्त्यानंच डोळे फोडले तुझे."

"आम्ही काही चिकटवलं नाही. माझी बायको रोज पुसते."

"मग ती तुमच्यापेक्षा शहाणी."

"ते तिला सांगू नकोस."

उलारनं कोपरे बोटांनी चाचपले. खड्डा नव्हता, थर नव्हता. संगणकाची तार लावून बघितली. डावा रडार ठणठणीत असल्याचं तो म्हणाला. गाडी मोकळ्या आवारात नेली, रिव्हर्स टाकायला सांगितली आणि स्वतः उजव्या अंगानं सायकलवरून मागून गेला. उजवा दिवा लागला, सायकल गेल्यावर विझला. डावीकडे तर नुसती भिंत होती, दूर, उन्हात. तरी टीं-टीं-टीं.

उलार इंजिनाच्या धडधडीकडे कान देऊन उभा राहिला. "याला काहीतरी दिसतंय," तो म्हणाला. "खोटं बोलत नाहीये बिचारा. अगदी जवळ, त्याच्या नाकासमोर काहीतरी हलतंय. बंपर उघडावा लागेल."

करीमकुलला कालिपाचे शब्द आठवले. "ओरखडे पडतील?"

"पडले तर माझं नाव बदला."

बंपर सुटून आला, डाव्या बाजूनं खाली झुकला, आणि आतून एक आवाज बाहेर पडला. किण.

करीमकुलला तो आवाज कानानं ओळखावा लागला नाही. तो उठला, वाकता येईल तेवढा वाकला. रडारच्या चौकोनी डबीच्या अगदी पुढ्यात, पट्टीला लाल लोकरीच्या दोरीनं बांधलेला चांदीचा चोल्पू लोंबत होता. वेणीच्या टोकाला बांधायचा चोल्पू. तीन साखळ्या, साखळ्यांना पातळ नाणी, एक पोवळ्याचा खडा. कालिपाच्या आजीपासून चालत आलेला. जोडीतला एक आयपेरी बरोबर घेऊन गेली होती, दुसरा आईच्या हातात ठेवून म्हणाली होती, "परत आले की जोडी पुरी करू."

लहानपणी आयपेरी दोन्ही चोल्पू वेणीत घालून अंगणभर धावायची. करीमकुलला मान वळवायची गरज पडायची नाही. पाठीमागे किणकिण झाली की कळायचं, लेक मागे आहे.

दोरीच्या गाठी ओल्या होत्या. एक अर्धवट ओढलेली होती, तिच्यावर नखांच्या खुणा होत्या.

उलारनं विचारलं नाही. आपल्या आईच्या पेटीत असले दागिने त्यानंही पाहिले असतील. "पाठ राखायला बांधलाय," तो हळूच म्हणाला. "पूर्वी बायकांच्या पाठीवर असायचा, कुणाची नजर मागून लागू नये म्हणून. बरोबर आहे. गाडीचीही पाठच ही." मग जरा थांबून म्हणाला, "पण दोन राखणदार एका दारात ठेवले की असं होतं. हा हलतो, तो ओरडतो."

त्यानं सुरी घेतली. करीमकुलनं त्याचा हात धरला. "कापू नकोस. मी सोडवतो."

गाठी सुटायला चहाचा एक पेला थंड होईपर्यंत वेळ लागला. गालिच्याच्या शिवणीची गाठ होती ती, उसवू नये म्हणूनच मारलेली. चोल्पू हातात आला तेव्हा तो बर्फासारखा थंड होता. करीमकुलनं तो आतल्या खिशात ठेवला.

"जातात ती परत येतात का रे, उलार?"

उलार बंपर बसवत होता. "येतात की. मी आलो ना."

"किती वर्षांनी?"

"नऊ." स्क्रू आवळत तो म्हणाला, "दोन म्हणून गेलो होतो."

बंपर बसल्यावर त्यानं परत एकदा चाचणी घेतली. डावीकडे शांत. सायकल नेली, ओरडली. "झालं. रोज पुसायचं ते चालू ठेवा. जवळून पाण्याचा जोराचा फवारा मारू नका. धातूचं काही मागे बांधू नका. आणि हिच्या एकटीच्या जिवावर राहू नका, अक्सकाल. हळू चालणारं माणूस, भिंतीला लागून येणारं पोर, यांना ही कधी कधी बघतच नाही. तुमची मान अशी. गल्लीत कुणीतरी उभं राहून बघणारं असलं तर बरं. पैसे नकोत, उन्हाळ्यात घोडीचं दूध आंबवाल तेव्हा कुमीसचं एक मडकं पाठवा."

घरी आल्यावर त्यानं कालिपाला एवढंच सांगितलं, "झाली." तिनं "बरं" म्हटलं आणि पाव भाजायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखे कोपरे पुसले. आज गुणगुणली नाही. गाडीत बसली, काच खाली केली. करीमकुलनं रिव्हर्स टाकला. गाडी फाटकातून हळूहळू मागे सरकली, बूड गल्लीत डोकावलं, पॉप्लरच्या सावल्या पडद्यावर आल्या.

गाडी काहीच बोलली नाही.

कालिपाचा हात काचेच्या काठावर होता. करीमकुलला तिचा चेहरा दिसत नव्हता, आरशात नुसता हात दिसत होता. बोटं काठ धरून वाट बघत होती. गाडी पुरती बाहेर आली, वळली, पुढे लागली. बोटं अजून तिथंच होती. मोठा रस्ता आल्यावर तिनं काच वर केली. कारखान्यापाशी उतरताना ती रोज म्हणायची, "सांभाळून जा." त्या दिवशी म्हणायची विसरली. करीमकुल गाडीत एकटाच बसून राहिला, आतल्या खिशावर हात ठेवून, घरात शिरलेल्या चोरासारखा.

रविवारी दुपारी आयपेरीचा फोन आला. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर चहा होता, कणकेचे तळलेले बोरसोक होते. कालिपानं फोन साखरेच्या भांड्याला टेकवून उभा केला. लेक वाळली होती, केस कापले होते.

"वेणी कुठंय?" कालिपानं आधी तेच विचारलं.

"यंत्रापाशी केस मोठे चालत नाहीत गं, आपा. वाढतील परत." मग तिनं इकडचं तिकडचं विचारलं. शाकेनची गाय व्याली का, बर्फ गेलं का. मग गप्प झाली. ती गप्प झाल्यावरच दोघांना कळलं.

"नूरूझला सुट्टी नाही मिळाली," ती म्हणाली. "पानगळीत नक्की. या वेळी नक्की."

"बरं," कालिपा म्हणाली. "नीट जेवत जा."

"बाबा, गाडी नीट ओरडते ना?"

करीमकुलनं चहाचा घोट घेतला. "हो. आता नीट ओरडते."

'आता' हा शब्द त्याच्या तोंडून निसटला होता. कालिपानं त्याच्याकडे बघितलं. फोन बंद झाल्यावर तिनं बोरसोकांवर फडकं टाकलं, फडक्याच्या कडा सारख्या केल्या.

"काढलात ना?"

"काढला."

"कुठं आहे?"

त्यानं आतल्या खिशातून चोल्पू काढून दस्तरखानावर ठेवला. तो एकदा किणकिणला आणि निपचित पडला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिली.

"मी काढणार होते," कालिपा म्हणाली. "शाकेन पडली त्याच संध्याकाळी. बंपरच्या खालून हात घातला, तर गाठी गोठल्या होत्या. गरम पाणी ओतलं, नखं मोडली, निघाला नाही. तुम्हाला सांगायची लाज वाटली."

"तुला ठाऊक होतं, गाडी त्याच्यामुळे ओरडते?"

"बांधला त्याच्या दुसऱ्या दिवशीच ओरडली. मी काय इतकी भोळी आहे?"

"मग रोज काच खाली करून बघायचीस ते?"

कालिपानं चोल्पू उचलून मांडीवर घेतला, एकेक साखळी बोटानं सरळ केली. "बांधला तेव्हा मनात तेवढंच होतं, तिच्या हातची वस्तू आहे, तिची पाठ उघडी नको. पण मग गाडी ओरडायला लागली. कुणीतरी रोज सकाळी म्हणतंय मला, बघ, कोण आलंय. या घरात दुसरं कोण म्हणतं असं? तुम्ही तर मानसुद्धा वळवत नाही."

करीमकुलनं पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "विमानतळावर हाक मारली होती तिनं मला. मी वळेपर्यंत दार मिटलं."

"माहीत आहे. मी बघत होते ना." ती म्हणाली. "हात केला तिनं तुम्हाला. तुमच्या पाठीला."

हे तिनं चार वर्षांत सांगितलं नव्हतं. करीमकुलनं डोळे मिटले. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, त्याला ऊन पडल्यासारखं वाटलं.

मग तिनं थंड चहा ओतून टाकला आणि नवा केला. आणि करीमकुल कामाचं काही बोलायचं म्हणून बोलल्यासारखा म्हणाला, "उलार म्हणत होता, गाडीच्या एकटीच्या जिवावर राहू नका. गल्लीत कुणीतरी उभं राहून बघायला हवं."

"डावीकडे?"

"दोन्हीकडे."

"बघेन," कालिपा म्हणाली.

सोमवारी सकाळी रात्रीचं पातळ बर्फ गल्लीवर पसरलं होतं. कालिपानं कोपरे पुसले, आधी डावा, मग उजवा, पुसून तळहात ठेवला. पण गाडीत बसली नाही. फाटक उघडून ती गल्लीत गेली, नमद्याचे बूट बर्फात रोवून पलीकडच्या पॉप्लरखाली जाऊन उभी राहिली.

करीमकुलनं रिव्हर्स टाकला. समोरचा पडदा उजळला आणि त्यात त्याच्या मागचं सगळं आलं. पांढरी गल्ली, झाडं, आणि त्याच्याकडे पाठ करून उभी असलेली, मोठ्या रस्त्याच्या त्या तुकड्याकडे बघणारी कालिपा. तिच्या रुमालाखालून करडी, बारीक झालेली वेणी पाठीवर आली होती. वेणीच्या टोकाला चोल्पू होता. वारा आला की त्याची नाणी चमकत होती. आवाज पडद्यातून येत नव्हता, पण करीमकुलला तो ऐकू येत होता.

"तिकडं काय बघतेस गं एवढी? कोण येणारे, जावई?" भिंतीपलीकडून शाकेन ओरडली. तिच्या हातात नवा हंडा होता.

"तूच येतेस, आणखी कोण! थांब तिथंच, गाडी निघतेय."

"थांबले बाई. या खेपेला मीच थांबते."

गाडी हळूहळू मागे सरकली. बूड गल्लीत डोकावलं. आणि मग डाव्या आरशात दिवा लागला. टीं-टीं-टीं.

करीमकुलचा पाय ब्रेकवर गच्च बसला. पडद्यात त्यानं पाहिलं, कालिपानंही हात वर केला होता, थांबा. डावीकडून बालिकचीची पहिली मिनीबस वळून गल्लीत शिरली होती. तिच्या काचा आतून धुरकटलेल्या. आत माणसं होती, गाठोडी होती, एका खिडकीत कुणा बाईचा लाल रुमाल होता. कालिपा एकेक खिडकी बघत होती, शेवटची खिडकी जाईपर्यंत. बस त्यांच्या दारावरून गेली. थांबली नाही. बाजाराकडे निघून गेली आणि बर्फावर चाकांच्या दोन काळ्या रेघा राहिल्या.

गाडी गप्प झाली.

कालिपानं डावीकडे पुन्हा बघितलं, मग उजवीकडे. गल्ली मोकळी होती. तिनं वर केलेला हात आपल्याकडे वळवला आणि करीमकुलला खूण केली, या.